काळजीस कारण की…

भारतीय माणूस दिवसातली ७०८ मिनिटं स्वतःची काळजी घेण्यात घालवतो. हा आकडा कुठल्या उटण्याच्या जाहिरातीतला नाही, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा आहे. २०२४ साली जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सरकारची माणसं देशभर घरोघरी जाऊन ‘काल दिवसभर काय केलंत?’ असं विचारत होती. फेब्रुवारी २०२५मध्ये बेरीज जाहीर झाली आणि सहा वर्षांवरच्या तमाम जनतेच्या नावावर ‘स्वतःची काळजी व निगा’ या रकान्यात सरासरी अकरा तास अठ्ठेचाळीस मिनिटं जमा झाली. हे ऐकून कुठल्याही घरातली बाई आधी हात पुसेल आणि मग विचारेल, “कुठल्या गावची माणसं ही?”

खुलासा साधा आहे. झोपणं, जेवणं, दात घासणं, आंघोळ, दाढी, वेणीफणी हे सगळं सरकार याच रकान्यात धरतं. त्या हिशेबानं रात्री घोरत पडलेला गृहस्थ मन लावून स्वतःची निगा राखत असतो. उलट पहाटे उठून टेकडी चढणाऱ्याला या रकान्यात जागा नाही. व्यायाम आणि नुसतं स्वस्थ बसणं यांची सोय शेजारच्या, विरंगुळ्याच्या रकान्यात केलेली आहे.

पुरुषांची मिनिटं ७१० भरली, बायकांची ७०६. फरक फक्त चार मिनिटांचा. ही चार मिनिटं कुठे गेली हे सरकारनं सांगितलेलं नाही, पण सकाळी पहिली आंघोळ कोण उरकतं आणि शेवटची चपाती कोण खातं हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती शोधायला लांब जावं लागणार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा वेळ २८९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. या ८८ मिनिटांवरून बऱ्याच घरांत फेरमोजणीची मागणी होऊ शकते.

मोजण्याची पद्धतही मजेची. सर्वेक्षणाचा दिवस पहाटे चारला उजाडतो. त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे खण पाडतात. एका खणात फार तर तीन कामं लिहायची आणि तीही दहा मिनिटांच्या खालची नकोत. आता मराठी घरातली बाई ‘जरा टेकते’ म्हणून बसते तेव्हा ते टेकणं दहा मिनिटांपर्यंत पोचतं कधी? तेवढ्यात दाराची बेल वाजते, दूध वर येतं, नाहीतर आतून ‘माझा टॉवेल कुठाय?’ अशी आरोळी येते. म्हणजे तिची दिवसभरातली सगळी टेकणी सरकारदरबारी झालेलीच नाहीत.

मिनिटं कितीही भरोत, ती स्वतःवर उघडपणे खर्च करायला आपल्याकडे सबब लागते. सण चालतो, लग्नकार्य चालतं, बाळंतपण चालतं, दुखणं तर फारच चालतं. ‘मला बरं वाटतं म्हणून’ एवढंच लिहिलेला अर्ज मात्र वर जातच नाही.

आता अभ्यंगाचं घ्या. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात दुसरा अख्खा अध्याय दिनचर्येला दिलाय. अंगाला तेल रोज लावावं, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यावं, असं तो सांगतो. त्यानं थकवा जातो, झोप चांगली लागते, म्हातारपण लांबतं असे फायदेही मोजून दिलेत. मराठी माणसानं हा सल्ला शिरोधार्य मानला आणि वर्षातून एकदा पाळायचं ठरवलं.

तो एक दिवस मात्र थाटात होतो. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत उठायचं, कुडकुडत पाटावर बसायचं, पाठीला तेल कुणीतरी दुसऱ्यानं चोळायचं. हे ‘दुसऱ्यानं’ महत्त्वाचं. मग खरखरीत उटणं, बंबातलं किंवा गीझरचं कढत पाणी आणि वर्षभर न दिसणारा मोती साबण. कोकणात आंघोळ झाली की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि त्याचं जहाल कडू बी जिभेला लावायचं. नरकासुर मेला, आंघोळ संपली, फराळ सुरू. या सगळ्यात बसणाऱ्या कुणालाही आपण शरीराचे लाड करून घेतोय असा संशय येत नाही, कारण सूर्योदयापूर्वी न्हाणाऱ्याला नरक चुकतो अशी वरून हमी आहे. नरकाचं भय घातल्याशिवाय घरातली बाई स्वतःच्या अंगाला वाटीभर तेल लावून घेईल, हे आपल्या पूर्वजांनाही शक्य वाटलं नसावं. कार्तिकात तुळशीचं लग्न होईपर्यंत तो साबण झिजून चपटा होतो आणि पुन्हा नेहमीची वडी बाहेर येते.

बाळंतपणाची सबब याहून दांडगी. सव्वा महिना बाईनं बाळाला पाजणं सोडून काही करायचं नाही, असा जुना दंडक. सकाळी मालीश करणारी बाई येते. तेल कोमट करते, बाळाला पायांवर घेऊन रगडते, मग बाळंतिणीची पाठ, कंबर, पोटऱ्या. त्यानंतर अंगावर सोसवेल तेवढं गरम पाणी, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, कानांना घट्ट रुमाल. खायला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, लसणाची फोडणी घातलेली मऊ भाजी आणि शेवटी विडा. हेच सगळं समुद्रकाठच्या रिसॉर्टात केलं तर त्याला पॅकेज म्हणतात आणि आगाऊ पैसे घेतात. इथे मात्र फक्त एक मूल जन्माला घालावं लागतं.

कायद्यालाही ही सबब पटलेली आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात नोकरदार बाईला १२ आठवड्यांची भरपगारी रजा होती, २०१७मध्ये ती २६ आठवडे झाली. पण दोन मुलं असली तर तिसऱ्या खेपेला पुन्हा १२वरच. सबब कितीही भक्कम असली तरी ती दोनदाच पूर्ण चालते.

लग्नकार्यातली गंमत वेगळी. कार्य ठरलं की ब्यूटी पार्लरला जाणं चैनीतून कर्तव्यात मोडायला लागतं, कारण फोटो पिढ्यान्‌पिढ्या राहणार असतात आणि व्याह्यांकडची मंडळी बारकाईनं बघणार असतात. त्यातही मेंदीची संध्याकाळ बघण्यासारखी. नवरीची आई, जिच्या दोन्ही हातांना तीस वर्षांत एकाच वेळी विश्रांती मिळालेली नाही, ती कोपरापर्यंत हिरवे हात करून खुर्चीत बसते. दोन्ही तळवे वर, बोटं फाकलेली. साखर-लिंबाच्या पाण्याचा बोळा कुणीतरी हलक्या हातानं टिपतं. तिला पाणी हवं असेल तर पेला दुसऱ्यानं धरावा लागतो. तिचा फोन वाजला तर नवरा तो तिच्या कानाला लावून अवघडून उभा राहतो. मुलगा पुरीचा घास भरवतो आणि श्रीखंड तिच्या हनुवटीला लावतो. मध्येच कुणी ‘अगं, ते आहेराचं पाकीट कुठे ठेवलंस?’ विचारतं आणि ती हात वर दाखवून सांगते, “मेंदी आहे.” एवढं निर्विवाद उत्तर तिनं संसारात दुसऱ्या कशाला दिलेलं नसतं. मेंदी लवकर वाळू नये असं फक्त रंगासाठीच वाटत असेल, असं समजायचं कारण नाही.

पुरुषांच्या सबबी निराळ्या. त्यांना बहुधा परंपरा पुरते. दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडणं ही पुण्याची जगप्रसिद्ध संस्था. वाग्भट दिवसा झोपायला फक्त उन्हाळ्यात मोकळीक देतो, एरवी कफ वाढतो म्हणतो. पुण्यानं यावर तोडगा काढला आणि ग्रीष्म बारमाही केला. एक ते चार दुकान बंद ही पाटी इतकी रुजली की २०१७मध्ये चितळ्यांचं दुकान दुपारीही उघडं राहणार असं ठरलं तेव्हा त्याची बातमी झाली. बाकरवडी दुपारी तीनला मिळू शकते हे पचायला शहराला काही दिवस लागले. वास्तविक त्या तीन तासांत घरात झोपायचं कोण आणि झाकपाक, भांडी, वाळवणं करायचं कोण, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

सबब नसली तरी चालेल, असा प्रयोग एकदा मुंबईत झाला. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत पाच माणसांना जमवून हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला रीतसर विनोद सांगून हसायचे. पंधरवड्यात विनोद संपले, उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा विनोदाविनाच हसायचं ठरलं. माणूस मुद्दाम हसला तरी चालतं, एकमेकांकडे बघून पुढचं खरं हसू आपोआप येतं, असा त्यामागचा हिशेब. बघता बघता ही टूम देशोदेशी गेली आणि मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्य दिन ठरला.

पण विनाकारण हसणं मराठी बागांमध्ये टिकलं ते त्याला व्यायाम म्हटल्यामुळे. सकाळी सातला, पांढरे बूट घालून, हात आकाशाकडे करून जे आजोबा ‘हो हो, हा हा हा’ करत असतात, त्यांनी तेच घरात दुपारी चारला केलं तर सून हळूच मुलाला फोन लावते.

चालण्याचंही तसंच. रात्री जेवून शंभर पावलं टाकली की अन्न जिरतं, एवढ्यावर समाधानी असलेला समाज बघता बघता दहा हजारांवर गेला. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यानं काढलेला नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, त्याची हवा असताना, १९६५मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि विकायला सोपा म्हणून हा गोल आकडा त्याच्या नावातच घातला. पुढे २०१९मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक बायकांची पावलं मोजली गेली. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांनाही, जेमतेम २,७०० चालणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे वाढीव फायदा फारसा आढळला नाही. ही बातमी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, चारपाच अंगठे मिळाले, आणि संध्याकाळी सगळे पुन्हा दहा हजारांच्या मागे लागले. गोल आकड्याला नाही म्हणणं जड जातं.

एका घरातले निवृत्त काका रात्री पावणेदहाला हॉलमध्ये फेऱ्या घालताना दिसतात. सोफा ते फ्रिज, फ्रिज ते बाल्कनी. मनगटावरच्या घड्याळात सहाशे पावलं कमी आहेत. काकू म्हणतात, “चालताच आहात तर येता येता गॅस बंद करा.” काका हातानं थांबा म्हणतात, कारण थांबलं की लय जाते. सुट्टीला आलेली लेक एक दिवस ते घड्याळ आईच्या हातात बांधते. आई कणीक मळते, पंधरा पोळ्या लाटते, नारळ खवते, वरणाला रवी फिरवते आणि ओट्यापासून फारशी न हलता काकांच्या सकाळच्या फेरीइतकी पावलं भरून काढते. घड्याळ मनगटाच्या हालचालीवरून मोजतं, त्याला लाटणं आणि चालणं यातला फरक दर वेळी कळतोच असं नाही. काका आकडा दोनदा बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहज म्हणाल्यासारखं म्हणतात, “आज कणीक मी मळतो.” सर्वेक्षणातली ८८ मिनिटं आली कुठून, याचा हा एक संभवनीय मार्ग.

जिमचं मात्र वाग्भटाशी चांगलं जुळतं. बलवान माणसानंही थंडीत आणि वसंतात फक्त निम्म्या ताकदीनं व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असं तो सांगून गेलाय. वर्षाचे पैसे एकरकमी भरून फेब्रुवारीत जाणं थांबवणारी मंडळी त्यापैकी दुसरं कलम पाळत असतात.

अलीकडे ऑफिसांनीही या कामात हात घातलाय. २४ जुलै हा स्वतःच्या काळजीचा आंतरराष्ट्रीय दिवस, तारीख अशी निवडली की चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस त्यात यावेत. त्या दिवशी दुपारी दीड वाजता, म्हणजे नेमका डबा उघडायच्या वेळी, सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवून दीर्घ श्वास घ्यायचा असतो. निरोपात शेवटी ‘उपस्थिती अनिवार्य’ असतं. डोळे मिटून, खांदे सैल सोडून, मनातले सगळे विचार वाहू देत असताना कोपऱ्यात साहेबांचा मेसेज चमकतो : फाइल चारपर्यंत. सत्र संपल्यावर ‘तुम्हाला किती शांत वाटलं?’ असा एक ते पाच गुणांचा फॉर्म येतो. पाचच द्यावे लागतात, तीन दिले तर पुढच्या महिन्यात आणखी एक सत्र लागण्याची धास्ती असते.

योगासनांच्या वर्गाला जाणाऱ्या बायका सांगतात की सगळ्यांत अवघड शवासन. बी. के. एस. अय्यंगार यांनीही १९६६च्या ‘लाइट ऑन योगा’त दिसायला सोपं वाटणारं हे आसन साधायला अतिशय कठीण असल्याचं म्हटलंय. ते श्वासाबद्दल आणि चित्ताबद्दल बोलत होते, या बायका डाळीबद्दल बोलतात. पाठ जमिनीला टेकली, डोळे मिटले, बाईंनी मऊ आवाजात “पायाचे अंगठे शिथिल” म्हटलं, की पहिलं आठवतं ते उडदाची डाळ भिजत घातली नाही. गुडघे शिथिल होईपर्यंत गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे आठवतं. बाई “कपाळावरच्या आठ्या शिथिल” म्हणतात तेव्हा कामवालीच्या खाड्यांचा हिशेब चालू असतो आणि आठ्या त्यासाठी लागत असतात.

सगळ्या सबबींचा राजा म्हणजे डॉक्टर. सकाळी साडेआठला बाल्कनीत खुर्ची टाकून नुसतं उन्हात बसणाऱ्या बाईला घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता ‘काय गं, बरं नाही का?’ विचारतं. म्हणून ती मांडीवर ताटात तांदूळ निवडायला घेते, म्हणजे बसणं झाकलं जातं. मग एके दिवशी रक्ताचा रिपोर्ट येतो, ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघतं आणि चित्र पालटतं. आता तेच ऊन उपचार. नवरा स्वतः खुर्ची सरकवून देतो, पाठीला उशी लावतो, “हात उघडे ठेव, डॉक्टरांनी सांगितलंय” म्हणून पुन्हा पुन्हा बजावतो. तांदळाचं ताट आत जातं. काही बायका पुढचा रिपोर्ट चांगला आला तर थोड्या हिरमुसतात, त्याचं कारण वैद्यकीय नसतं.

मुंबईच्या बायकांनी अर्ज-मंजुरीची ही भानगडच बाजूला ठेवली आणि आपली सोय रेल्वेत करून घेतली. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल धावायला लागली. आठ-दहा तास साहेबाचे, पुढचे घराचे, मधला हा तासभर कुणाचाच नाही. फोन लागत नाही म्हणायची सोय आहे, कुकर नाही, कुणाला काही हातात द्यायचं नाही. तिथे गवार मोडली जाते आणि मटार सोलले जातात हे वर्तमानपत्रांनी खूप छापलं, पण त्याच डब्यात नखांना लाल रंगही लागतो. एक जण डावा हात दुसरीच्या मांडीवर ठेवते आणि गाडी हलत असल्यामुळे दोन स्टेशनांच्या मधे न लावता थांबल्यावरच लावायचं, असं ठरलेलं असतं. अंधेरीला अंगठा, गोरेगावला करंगळी. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं, संक्रांतीला हळदीकुंकू आणि वाण. तीन जणींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते आणि टेकल्या टेकल्या पेंगते. तिचं डोकं ज्या खांद्यावर पडतं ती बाई तिचं नावही विचारत नाही. फक्त खांदा थोडा खाली करते.

गाडीतून उतरल्यावरही सगळ्या लगेच पांगत नाहीत. चौघी फलाटावरच्या स्टॉलपाशी थांबतात. कटिंग चहा, एखादा वडापाव चौघींत, एकीच्या साहेबाची नक्कल, दुसरीच्या जावेचं ताजं प्रकरण. पंधरावीस मिनिटं सहज जातात. घरी उशीर का म्हणून विचारलं तर ‘गाडी लेट होती’ हे वर्षानुवर्षं पुरलेलं उत्तर. या उत्तरावर कितीतरी चहा झाले.

आता मात्र लोकल कुठवर आली ते मोबाइलवर दिसतं. नववीतला मुलगा सोफ्यावरून मान वर न करता म्हणतो, “आई, तुझी गाडी तर राइट टाइम होती.”

आई पिशवी ओट्यावर ठेवते, जुडीतली कोथिंबीर बाहेर काढते.

“गाडी होती रे वेळेत. पण रिक्षाला ही एवढी रांग!”

रिक्षाची रांग केवढी होती ते दाखवणारं काही मुलाच्या मोबाइलवर अजून आलेलं नाही. उद्या चौथीच्या वाढदिवसाचा सामोसा ठरलाय.